आवाज घेत नाहीये

"आवाज घेत नाहीये आपण, काकी. तुम्ही काहीही बोला," पंकज म्हणाला. "ओठ हलले पाहिजेत आणि डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, बास. शेतात ऊस किती आहे ते सांगितलंत तरी चालतंय."

सगळे हसले. मीही हसले. अंगावर दुसऱ्याचा शालू, नाकात उसनी नथ, आणि समोर मुंडावळ्या बांधलेली, कोल्हापूरहून आलेली तेजल नावाची पोरगी. ती माझी लेक. म्हणजे गाण्यापुरती.

मी काही नटी नव्हे. मी मालन, सोनगिरवाडीची. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पंकज लाड हा इस्लामपूरचा, लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा. लग्नं करून करून त्याला वाटायला लागलं की आपण गाणी काढावीत. त्यानं पाठवणीचं एक गाणं लिहून घेतलं, गाऊन घेतलं, आणि चित्रीकरणाला आमच्या गावात आला. आमच्याच गावात का, तर माझे थोरले दीर. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांचा नवा बंगला झाला होता, फरशीचं मोठं अंगण होतं, खिलारी बैलांची जोडी होती, आणि हे सगळं चारचौघांनी बघावं अशी त्यांची फार हौस होती. पंकजनं नेमकं तेच हेरलं. त्यानं आबांना सांगितलं, बैल सुरुवातीलाच दाखवू. आबांनी लगेच मिशीवर हात फिरवला.

आमच्या बचत गटाकडं जेवणाचं काम होतं. मी पडवीत भाकऱ्या थापत होते. आईचं काम करणारी बाई सांगलीहून यायची होती, तिनं सकाळी कळवलं, ताप आलाय. पंकज डोक्याला हात लावून बसला. तेव्हा आमच्यातलीच एक बाई बोलून गेली, मालनकाकीला उभी करा की, गावात कुणाचीबी पोरगी सासरी निघाली तर हिच्या डोळ्याला आधी धार लागते. बोलली आणि तिनंच जीभ चावली. कारण मी का रडते ते साऱ्यांना ठाऊक होतं आणि ते बोलायचं नाही हेही ठाऊक होतं.

आबा दारातच होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता भडकतील. पण ते म्हणाले, "राहू दे की उभी. घरातलंच माणूस हाय." माझ्या मालकांनी मान हलवली. आबा म्हणतील त्यावर दुसरा शब्द त्यांनी जन्मात काढला नव्हता.

तर मी का रडायची, ते सांगते. माझी एकुलती एक लेक वैजू. त्या शूटिंगच्या चार वर्षं आधी ती संदेशबरोबर गेली. पोरगा कष्टाचा, सरळ, पण आमच्यातला नव्हता. घरात कळलं तेव्हा आबांनी तिला माडीवर कोंडून घातलं, लग्न ठरवायला माणसं पाठवली. एका पहाटे माडी रिकामी. खिडकीतून उतरून भिंतीवरून गेली, असं घरात ठरलं. दोन दिवस शोधाशोध झाली आणि मग आबा सगळ्या भावकीला घेऊन ओढ्यावर गेले. जित्या पोरीच्या नावानं आंघोळ केली. मलाही करायला लावली. तिचे शाळेतले फोटो चुलीत गेले. त्यानंतर घरात तिचं नाव घ्यायचं नाही, आणि घेतलं तर आबांचं एकच वाक्य, सापडली तर दोघांना जित्तं ठेवायचा न्हाई. ते वाक्य नुसतं बोलायचं म्हणून नव्हतं. मी त्या घरात नांदत होते, मला आबा माहीत होते.

पण वैजू मला सापडलेली होती. दर गुरुवारी मी दळण घेऊन गिरणीत जायची. गिरणीवाली चंपा माझी जिवाभावाची. तिच्या फोनवर वैजूचा फोन यायचा. वैजू इचलकरंजीला, संदेश तिथं यंत्रमागावर कामाला. त्यांच्या खोलीच्या खालीच माग होते. इकडं गिरणीची घरघर, तिकडं मागांचा खडखडाट, दोघी ओरडून बोलायचो आणि तरी कुणाला काही कळायचं नाही. त्या गोंगाटात मला नातू झाल्याचं कळलं. तो बसायला लागला, रांगायला लागला, सगळं गुरुवारी कळायचं. त्या आठवड्यातल्या पाच मिनिटांवर मी बाकीचा आठवडा ढकलत होते. ती पाच मिनिटं कुणाला कळली असती, तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून मी घरात दगडासारखी राहायची.

आता पुन्हा त्या अंगणात या. गाणं मोठ्या स्पीकरवर लावलेलं होतं, त्यावर सगळ्यांनी ओठ हलवायचे. वरातीची माणसं नाचून झाली, बैल झाले, आबा फेटा बांधून मागं उभे राहून झाले. मग पाठवणी आली. गाण्याच्या मध्ये नुसतं सनईचं संगीत होतं, गाणारी बाई तिथं गप्प. पंकज म्हणाला, इथं आई लेकीला जवळ घेऊन बोलतेय असं हवं. स्पीकर बंद केला. तिथंच त्यानं ते शेतातल्या उसाचं सांगितलं.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर केसाळ मांजरासारखं काहीतरी बसवलेलं होतं. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, वाऱ्यासाठी असतंय, काकी, तुम्ही तिकडं बघू नका. मीही बघितलं नाही. मला वाटलं, धूळ झटकायला असेल.

घरची माणसं लांब ट्रॅक्टरपाशी उभी होती. माझ्याजवळ फक्त तेजल, आणि समोर पंकज. तेजल वाकून पाया पडली, उठली, तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. झालं. माझ्या पोटातलं सगळं तोंडाशी आलं.

मी काय बोलले ते आत्ता सांगत नाही. तुम्हाला कळेलच, साऱ्या महाराष्ट्राला कळलं.

थांबा म्हणून पंकज दोनदा ओरडला तरी तेजल मला सोडेना. काजळ गालावर उतरलं होतं. डोळे पुसत ती माझ्या कानाशी म्हणाली, "काकी, वैजू कोण?"

"कुणी न्हाई गं. आलं तोंडात."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझी वाकडी झालेली नथ सरळ केली आणि म्हणाली, "मी कुणाला सांगत नाही." पोरीनं शब्द पाळला. तिचं मी कधीच वाईट चिंतणार नाही.

त्या दिवशी मी उरलेल्या भाकऱ्या थापल्या आणि थापताना मला ओवी सुचायला लागली. चार वर्षांनी पहिल्यांदा पोट हलकं वाटत होतं. जे कुणापुढं बोलता येत नव्हतं ते मी भर अंगणात, भर दुपारी बोलले होते आणि कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. देवानंच सोय केली, असं मला वाटलं. पुढच्या गुरुवारी मी वैजूला हे हसत हसत सांगितलंसुद्धा, मी आता नटी झालेय म्हणून. ती म्हणाली, आई, गाणं आलं की मी बघणार, चार वर्षांत तुझं तोंड बघितलं न्हाई.

पुढच्या महिन्यात गाणं तयार झालं. पंकजनं आबांना सांगितलं, पहिल्यांदा तुमच्या गावात दाखवणार. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, पांढरा पडदा बांधला, दोन्ही बाजूंना वरातीतले ते पुरुषभर उंचीचे स्पीकर उभे केले. आबा पहिल्या रांगेत, गळ्यात हार. इस्लामपूरहून पंकजचे पाहुणे आले होते. बाया एका बाजूला. मला शेजारणी कोपर मारत होत्या, आता मालनबाई ओळख देणार न्हाईत वगैरे. थोरल्या जाऊबाई अक्का, त्यांनी तर माझ्या डोक्यात गजरा माळला होता.

गाणं सुरू झालं. बैल आले, तर त्यांच्या गळ्यातले घुंगरू छुमछुम वाजले. खरं तर त्या दिवशी बैलांच्या गळ्यात घुंगरू नव्हतेच, तो आवाज नंतर भरला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी मान वळवून सगळ्या हॉलवर एकदा नजर फिरवली. मुलीचा बाप झालेला नट जे बोलला त्यालाही आवाज दुसऱ्याच कुणाचा होता, भरदार. मी मनात म्हटलं, असं करतात होय, चांगलं करतात.

मग सनई खाली गेली. हॉलमध्ये शांत झालं. आणि कुणीतरी बाई बोलायला लागली. बसक्या आवाजात, नाक ओढत. माझा आवाज मी बाहेरून कधी ऐकला नव्हता. कोण ही बाई, हिला एवढं काय झालंय, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग मला शब्द कळले.

"जा बाई. मागं वळून बघू नगंस. मागच्या दाराची कडी मी काढून ठेवलीया. चपला हातात घे, वेशीबाहेर गेलीस की घाल. माझ्या पाटल्या पिशवीत हायत, त्या जपून ठेवायच्या न्हाईत, मोडून खायच्या. वैजू, तुझ्या नावानं सगळ्यांनी आंघोळ केली. मीबी केली. पर मी मनात म्हणत हुते, ऊन लई हाय म्हणून अंगावर पाणी घेतीया. तुला मेली न्हाई म्हणले, बाई. इचलकरंजीत मागाच्या आवाजात आधी तुला झोप लागत नव्हती, आता लेकरू त्याच आवाजात झोपतंय म्हणालीस, ते ऐकून मीबी झोपले. त्याची टाळू भरत जा. गुरुवारचा फोन तेवढा चुकवू नगंस."

त्यावर पडद्यावर तेजलनं मान वर केली आणि एक गोड, शहरातला, धुतल्यासारखा आवाज म्हणाला, "आई, मी सुखात आहे गं."

आणि सनई पुन्हा वर गेली.

इस्लामपूरचे पाहुणे रडत होते. एक बाई तर उठून टाळ्या वाजवायला लागली. गावातलं मात्र कुणी हललं नाही. शेजारणीचं कोपर माझ्यापासून लांब झालं. मी पडद्याकडं बघायचं सोडून आबांकडं बघत होते. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी गळ्यातला हार काढला, खुर्चीवर ठेवला, माझ्या मालकांना म्हणाले, "गाडी काढ." माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

मी कशी उठले आणि कशी बाहेर पडले ते मला आठवत नाही. रविवारी गिरणी बंद, मी चंपाच्या घरी पळत गेले. पदर कुठं, पाय कुठं. चंपानं विचारलंही नाही, फोन लावून हातात दिला. त्या दिवशी तिकडून मागांचा आवाज येत नव्हता. पहिल्यांदाच मला तिच्या घरातलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. नातू कुठंतरी वाट्या आपटत होता.

मी सांगितलं, निघा. आहे तसं टाकून निघा, ते यायला लागलेत. तिनं विचारलं कसं कळलं. मी सांगितलं. गाण्याचं सांगितलं, अंगणाचं, सगळं. मला वाटलं, आवाज घेत नाहीयेत, असं म्हणाले.

वाट्यांचा आवाज थांबला, तिनं पोराला उचललं असावं.

"आई, चार वर्षं मी शेजारणीलासुद्धा माझ्या गावाचं नाव सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "आता फोन करू नकोस. चंपामावशीचा नंबर ते बघतील. मीबी हा फोन फेकून देते."

"कुठं जाशील गं?"

"ते तुला कशाला सांगू? तू परत कुणापुढं तरी बोलून बसशील."

ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मी आजवर विसरले असते. तिनं ते हिशोबानं म्हटलं, घाबरलेल्या आईनं आपल्या लेकरासाठी करावा तसा हिशोब. मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. फोन बंद झाला आणि पुन्हा कधी लागला नाही.

संध्याकाळी जीप परत आली. मागांवर संदेशचं नाव विचारत विचारत त्यांना खोली सापडली होती, तिथं माणसं नव्हती. दोरीवर ओली दुपटी होती म्हणे. आबांनी ती खोली फोडली, भांडी रस्त्यावर टाकली. एवढ्यावर निभावलं, हे माझं नशीब म्हणायचं. माझे मालक घरात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कडी तू काढलीस व्हय." मी म्हटलं, हो. त्यानंतर आमच्यात भाजीत मीठ आहे की नाही एवढंच बोलणं राहिलं. आबांच्या हुकमानं मला मळ्यातल्या खोलीत धाडलं. बचत गटातून काढलं. माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, कामाला मात्र मी चालत होते, भांगलायला, उसाला पाणी पाजायला. मला त्याचं काही नव्हतं. एक आवाज गेला होता, बाकी सगळं असून नसल्यासारखं.

आठवड्यानं मी इस्लामपूरला गेले. पंकजच्या दुकानात. मला बघून तो उठलाच, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. त्याला वाटलं मी कौतुक ऐकायला आले. काकी, गाणं कुठल्या कुठं गेलं, सातारा-सोलापूरपर्यंत मोबाईलच्या दुकानांतून कार्डात भरून देतायत, लोकं रडतायत, सगळी तुमच्या बोलण्याची कमाल. तो बोलत होता आणि मी चहाकडं बघत होते.

"तू म्हणाला होतास आवाज घेत न्हाई," मी म्हटलं.

"घेत नव्हतोच, काकी. कॅमेऱ्यावरचा तो केसाळ माईक आपला आपण घेतो. नंतर ओठ जुळवायला उपयोगी पडतंय म्हणून तो आवाज आम्ही ठेवतो, आणि मग टाकून देतो."

"मग टाकलास का न्हाई?"

तो ओशाळला. सांगायला लागला की तेजल एवढी का रडली म्हणून त्यानं सहज कान लावला, आणि अंगावर काटा आला. असं लिहून कोण देणार होतं? कुठली डबिंगवाली असं म्हणणार होती? "मी तुम्हाला म्हटलं तेव्हा खरंच वापरणार नव्हतो, काकी. आईशप्पथ."

मी म्हटलं, मला दाखव कसं केलंस. त्याला आवडलं ते. कॉम्प्युटरवर त्यानं माझा आवाज काढला. पडद्यावर हिरव्या रेघा, कुठं उंच, कुठं बसक्या. तो बोट लावून लावून सांगत होता. इथं कावळा ओरडत होता, तो काढला. इथं तुमच्या बांगड्या वाजल्या, त्या कमी केल्या. इथं ट्रॅक्टरवर कुणीतरी हसलं, ते पुसलं, बघा, कळतसुद्धा नाही. इथं तुम्ही नाक ओढलंय, ते मुद्दाम ठेवलंय, ते चांगलं वाटतं.

"आणि इचलकरंजी?"

"अं?"

"कावळा काढलास. बांगड्या काढल्यास. इचलकरंजी का ठेवलंस? माझ्या लेकीचं नाव का ठेवलंस?"

तो गडबडला. "काकी, गावाचं नाव आलं ना की लोकांना खरं वाटतं."

"ते खरंच हुतं."

चहा आणणारा आला, कप ठेवून गेला. पंकज कॉम्प्युटरकडं बघत बसला. रेघा तिथंच थांबलेल्या होत्या. मग हळू म्हणाला, मला वाटलं तुम्ही ॲक्टिंग करताय.

"तर मग मला विचारायचं हुतंस एकदा."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

पोरगं खोटं बोलत नव्हतं, एवढं त्याच्या पदरात घालते. मी म्हटलं, आता तरी काढ. तो म्हणाला, माझ्याकडचं काढतो, हवं तर आत्ता काढतो, पण गावोगावच्या कार्डात गेलंय ते मी कुठून काढू? त्यात आता काही राहिलंच नव्हतं, ते मलाही कळत होतं. वैजू निघून गेली होती. तिचं नाव गाण्यात असलं काय, नसलं काय. मी उठले. दारात आल्यावर एकच विचारलं, शेवटी ती पोरगी बोलते ते तेजल का? तो म्हणाला, नाही, तेजलचा आवाज जाड आहे. पुण्याच्या एक ताई आहेत, त्यांनी कागदावर बघून म्हटलं, दोन मिनिटांचं काम. त्यांनी तुम्हाला बघितलेलंही नाही.

त्यानं त्याच्याकडचं काढलं नाही. उलट वर्षभरानं कुठल्याशा सोहळ्यात गाण्याला बक्षीस मिळालं, आणि माझ्या नावाची एक काचेची ढाल त्यानं कुणाच्या तरी हाती मळ्यात पाठवून दिली. ती मी पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवते. बरोबर बसते.

माझे मालक गेले, त्यालाही आता काळ झाला. आबा आहेत. कानानं पार गेलेत, माणसं ओळखतात तेवढीच. गाणं मात्र म्हातारं झालं नाही. आजही आमच्या भागात पाठवणी आली की डीजेवाला तेच लावतो. नवरीच्या मैत्रिणी मला शोधत येतात, आजी, एक सेल्फी. गाण्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते त्या वाचून दाखवतात, आई असावी तर अशी. मी म्हणते, असू दे.

परवा आबांच्या नातीचं लग्न झालं. त्याच अंगणात. मला बोलावणं आलं, आता पहिलं काही राहिलं नाही, असं म्हणतात. नातीनंच हट्ट केला की पाठवणीला मालनआजीचं गाणं पाहिजे. लागलं. सनई खाली गेली आणि मी बोलायला लागले, मागच्या दाराची कडी मी काढून ठेवलीया. ज्या दाराची कडी, ते जुन्या घराचं मागचं दार तिथून दिसत होतं. अक्का पदर डोळ्याला लावून हुंदके देत होत्या. आबांना ऐकू येत नव्हतं, पण सगळे रडतायत म्हणून त्यांनीही उपरण्यानं डोळे पुसले. मी काही कुणाला बोलले नाही. बोलून काय झालं ते मी बघितलंय.

वैजू कुठं आहे, मला माहीत नाही. पोरगं आता शाळेत मोठ्या वर्गात असेल. ती जिथं असेल तिथंही लग्नं होत असणार, गाणं वाजत असणार. तिला नको असला तरी माझा आवाज तिच्या कानावर जात असेल. मला तिचा ऐकायला मिळत नाही.

माझं बोलून झालं की ती पुण्याची बाई म्हणते, आई, मी सुखात आहे गं. कुठल्या तरी बंद खोलीत उभी राहून, कागदावर बघून म्हटलंय तिनं, दोन मिनिटांत, हे मला ठाऊक आहे. जेवणाच्या पंगती बसलेल्या असतात, पोरी हाताला धरून ओढत असतात, आजी, चला की. पण तिचं ते वाक्य होईपर्यंत मी मांडवातून उठत नाही.